मृत्युपत्रात नाव असलेली व्यक्ती आधीच वारली, तर तिचा हिस्सा कुणाला?

प्रश्न:
हिंदू कुटुंब. वडिलांनी २०१६ साली मृत्युपत्र केलं. स्वकष्टार्जित घर थोरल्या मुलाला, बँकेतली मुदत ठेव स्वतःच्या बहिणीला, बाकी सगळं पत्नीला. बहीण २०१९ मध्ये वारली, थोरला मुलगा २०२१ मध्ये. त्याच्यामागे पत्नी आणि दोन मुलं आहेत, त्यानं स्वतः मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वडील मृत्युपत्र न बदलता २०२४ मध्ये गेले. धाकटा मुलगा म्हणतो, घराची तरतूद रद्द झाली, सगळ्यांना वाटा हवा. भाचे ठेव मागताहेत. कायदा काय सांगतो?

उत्तर १:
दोघांचीही मागणी टिकणार नाही.

आधी ठेव. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम १०५: मृत्युपत्र करणाऱ्याच्या आधी लाभार्थी वारला, तर ते दान (म्हणजे मृत्युपत्रातून त्याला दिलेला हिस्सा) रद्द होतं आणि उरलेल्या मालमत्तेत जमा होतं. इथे ‘बाकी सगळं’ पत्नीला आहे, म्हणून ठेव तिची. ‘बहीण हयात नसल्यास तिच्या मुलांना’ एवढं एक वाक्य असतं, तर भाच्यांना ती मिळाली असती.

घराचं वेगळं. लाभार्थी हा मृत्युपत्र करणाऱ्याचं मूल किंवा नातवंड असेल आणि त्याचं मूल, नातवंड असं कुणी मागे हयात असेल, तर कलम १०९ प्रमाणे दान रद्द होत नाही. मुलगा वडिलांच्या नंतर लगेच वारला, असं कायदा धरून चालतो. त्यामुळे धाकट्याला घरात काही नाही.

उत्तर २:
वरच्या उत्तराला एक महत्त्वाची जोड. कलम १०९ मुळे घर थेट नातवंडांना जातं, असा समज सर्रास दिसतो. तसं नाही. घर थोरल्याच्या मालमत्तेत येतं आणि तिथून त्याच्या वारसांना मिळतं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आईसुद्धा येते. म्हणजे पत्नी, दोन मुलं आणि आई, प्रत्येकी एक चतुर्थांश. आईला नातवंडांसाठी वाटा सोडायचा असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल, कारण मालमत्ता स्थावर आहे. साध्या कागदावर लिहून दिलेलं पुढे विक्रीच्या वेळी अडतं. थोरल्याची मुलं अज्ञान (१८ वर्षांखालची) असतील, तर त्यांचा हिस्सा विकायला त्यांच्या आईला, म्हणजे सुनेला, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल.

आणि थोरल्याला मूलच नसतं, तर? मग दान रद्द. नुसती विधवा असून कलम १०९ लागू होत नाही. सुनेच्या दृष्टीनं ही फार कठोर गोष्ट आहे. म्हणून मुलाच्या नावाशेजारी पर्यायी नाव लिहायलाच हवं.

उत्तर ३:
कागदांचं सांगतो. वडील आणि लाभार्थी यांचे मृत्यूचे दाखले काढून तारखा ताडून घ्या, सगळं त्या क्रमावर ठरतं. लाभार्थी वडिलांच्या नंतर एका दिवसानं जरी गेला असता, तरी दान त्याचंच आणि पुढे त्याच्या वारसांचं. एकाच अपघातात दोघे गेले आणि आधी कोण हे कळत नसेल, तर १९५६ च्या अधिनियमाचं कलम २१ वयानं लहान व्यक्ती नंतर वारली असं मानतं.

शब्दरचनाही बघा. ‘अ आणि ब यांना एकत्र’ दिलं असेल, तर एक आधी गेल्यास सगळं दुसऱ्याला. ‘निम्मं निम्मं’ लिहिलं, तर मृताचा निम्मा उरलेल्या मालमत्तेत. पत्नीही आधी गेली असती, तर ‘बाकी सगळं’ मृत्युपत्राबाहेर पडून सर्व वारसांत वाटलं गेलं असतं.

ठेवीवर भाच्याचं नामनिर्देशन असलं, तरी बँक पैसे त्याच्या हाती देईल एवढंच, मालकी पत्नीचीच.