बाबांच्या फोनवर यूपीआय चालू केलंय, रिटायरमेंटची एफडी पण त्याच खात्यावर, काय काय बंद करून ठेवू?

मांद्रेची_बाय
आम्ही घराच्या मागच्या दोन खोल्या टुरिस्टांना देतो, हल्ली रोख कोणी देतच नाही म्हणून बाबांच्या फोनवर यूपीआय घातलं. परवा एकाचा फोन, मी मिलिटरीत आहे, चवथ झाली की फॅमिली घेऊन येतो, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवून म्हणे स्कॅन करून पिन घाला की पैसे जमा होतील. बाबांनी त्याला विचारलं, "पैसे घ्यायला पिन कशाला रे?" आणि फोन ठेवला. तेवढं त्यांना कळतं, पण फंडाची सगळी एफडी त्याच बँकेत आहे आणि नेटबँकिंगपण चालू आहे, त्याचीच मला धास्ती. पासवर्ड बदलत राहिलं की पुरे का?

फोंडेकार_७२
पासवर्ड राहू दे गो, आधी खाती वेगळी कर. दुसऱ्या बँकेत साधं सेव्हिंग खातं उघड, खोल्यांचा क्यूआर त्याचा लाव, यूपीआय फक्त तिथेच, आणि पाच-दहा हजार झाले की मोठ्या खात्यात टाक. लोकांना वाटतं एफडी म्हणजे कुलपात, पण नेटबँकिंग असेल तर ती घरबसल्या मोडता येते, म्हणजे चोरालापण येते, तो आधी एफडी मोडून पैसे सेव्हिंगला आणतो आणि मग तिथून पळवतो. अ‍ॅपमध्ये रोजचं लिमिटपण कमी करून ठेव, खोल्यांच्या धंद्याला लाखाचं लिमिट काय करायचंय.

म्हापशेकार
क्यूआरवाले जुने झाले, आता एपीके म्हणजे अ‍ॅप इन्स्टॉल करायची फाइल येते. "तुमची लाइट आज रात्री कापणार" नाहीतर आरटीओचं चलन, खाली फाइल. ती इन्स्टॉल करून परमिशन दिली की तुमचे एसएमएस तिकडे वाचले जातात, मग ओटीपी कोणाला सांगायची गरजच उरत नाही. बाबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम दोघांचं "अननोन अ‍ॅप्स इन्स्टॉल" बंद कर, आजच.
आमच्या शेजाऱ्याचं असंच शनिवारी रात्री झालं, बँकेच्या नंबरवर अर्धा तास गाणं ऐकलं आणि शेवटी उत्तर काय, सोमवारी ब्रांचला या! त्याच्या मुलीने तोवर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला होता म्हणून थोडे पैसे पुढच्या खात्यात अडकून राहिले, बाकीचे गेले.

साखळी_एक्सप्रेस
रोख घ्या, वही ठेवा, विषय संपला 😄
बरं मस्करी सोड, तुमच्या "रूम्स अव्हेलेबल" बोर्डावर जो नंबर रंगवलाय तोच बँकेत आहे का? असेल तर तो आधी बदला, अख्ख्या बीचला माहीत असतो तो. मोठ्या खात्याचा नंबर वेगळ्या सिमवर, ते सिम बटणांच्या फोनमध्ये, फोन कपाटात. यूपीआयला सिम त्याच स्मार्टफोनमध्ये लागतं, म्हणून तिथे छोट्या खात्याचंच ठेवायचं. कपाटातला फोन चार्ज करायचा आणि अधूनमधून मेसेज बघायचे हे मात्र कोणीतरी अंगावर घ्या.

फोंडेकार_७२
हे बरं सुचवलं. १९३० चं बरोबर, पण बँकेलापण लगेच कळवायचं आणि तक्रार नंबर घ्यायचाच. आरबीआयचा २०१७ चा नियम आहे, चूक आपली नसेल, बँकेचीपण नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड आपल्यावर नाही. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, त्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून सोमवारची वाट बघायची नाही.

मांद्रेची_बाय
बोर्डावर तोच नंबर आहे 🙈 उद्याच दुसरं सिम आणते. पण मग एफडी आत्ताच मोडून दुसरीकडे नेऊ का?

फोंडेकार_७२
मोडू नको, मुदतीआधी मोडली की व्याज कापतात. मुदत संपेपर्यंत आहे तिथे राहू दे, बाबांना घेऊन ब्रांचला जा आणि नेटबँकिंग फक्त बघण्यापुरतं ठेवता येतं का विचार, काही बँका अर्ज दिला की करतात. तसं नाही जमलं तर सरळ बंदच करून घे, एफडी बघायला पासबुक पुरतं. अर्जाच्या कॉपीवर शिक्का मात्र मागून घे.

मांद्रेची_बाय
देव बरें करूं सगळ्यांचं. सिम आईच्या नावावर घेतलं तर चालेल ना?

म्हापशेकार
नको, खातं ज्याचं सिम त्याच्याच नावावर घे, पुढे हरवलं किंवा बंद पडलं तर डुप्लिकेट काढताना बाबांनाच जाता येतं.