मदत हवी आहे: कंपनीच्या नावावरच्या व्हॅनचा इन्शुरन्स

नमस्कार मंडळी, म्हापशात आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मी नि भाऊ दोघेच डायरेक्टर, काजूचे खोके पोचवायला गेल्या वर्षी ईको कार्गो घेतली, आरसी कंपनीच्या नावावर. आता रिन्यूअलच्या कोटेशनमध्ये एजंटाने ओनर-ड्रायव्हरचं, म्हणजे स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकाचं, १५ लाखांचं पीए कव्हर (वैयक्तिक अपघात विमा) घुसडलंय. अहो, कंपनीला कुठे ड्रायव्हिंग लायसन्स असतं? मग ते लागतच नाही ना? उलट पगारी ड्रायव्हरचं लीगल लायबिलिटी कव्हर (त्याला अपघात झाला तर मालकावर येणाऱ्या भरपाईचं) हवं, तर ती रेघच कोरी! वर म्हणतो माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचा ५० टक्के एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) कंपनीच्या पॉलिसीला चालत नाही, हे तरी खरं का? शनिवारी पॉलिसी संपतेय, फोंडा-मडगावकडे कुणी अशी काढली असेल तर कागद काय काय दिले ते सांगा, बोर्ड रेझोल्यूशन (डायरेक्टरांचा ठराव) पण मागितलं काय?