अडत दुकानातली नोकरी सांभाळून सीए इंटर: जानेवारीला एक ग्रुप देऊ की दोन्ही, आणि अभ्यासाला किती दिवस धरायचे?

माधवनगरची

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अकाउंट बघते, म्हणजे सौदे झाले की शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करायची, टॅलीत एन्ट्री, बँक, जीएसटी सगळं माझ्याकडंच. बी.कॉम. करतानाच सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, निघाली होती, मग वडिलांचं आजारपण आलं आणि नोकरी धरली. इंटरचं, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं, रजिस्ट्रेशन गेल्या डिसेंबरमध्ये केलंय, त्यामुळं परीक्षेआधी आठ महिने रजिस्ट्रेशन असायची अट सप्टेंबरच्या परीक्षेआधीच पूर्ण होते, पण आत्ता जून उजाडलाय आणि तीन महिन्यात माझ्याच्यानं काही होणार नाही हे मला कळतंय. प्रश्न जानेवारीचा आहे. काहीजण म्हणतात चार महिने बक्कळ झाले, काहीजण म्हणतात नोकरीवाल्याला दीड वर्ष. मी रोज चार तास बसू शकते असं वाटतंय, पहाटे तीन आणि रात्री एक. दुकान दहा ते सात. मग तीन-तीन पेपरच्या दोन ग्रुपपैकी एकच देऊ का दोन्ही, का मे पर्यंत थांबू? घरी सगळे म्हणतात तू ठरव, पण ठरवायला काहीतरी धरून चालायला पाहिजे ना.

आर्टिकल_मिरज

ताई, महिने मोजूच नका, तास मोजा. मी पहिल्या वेळी महिने मोजले होते, आठ महिने अभ्यास केला असं सगळ्यांना सांगायचो आणि ग्रुप दोन गेला. ऑडिटला ३६. पुस्तक तीनदा वाचलं होतं, पण पेन हातात घेऊन तीन तास बसून एक अख्खा पेपर कधी लिहिलाच नव्हता, त्यामुळं एसए ५०० (ऑडिटचं एक मानक) म्हणजे काय हे तोंडपाठ आणि उत्तर लिहायला घेतलं की चार ओळींवर गाडी थांबायची.

दुसऱ्या वेळी मी एक दोनशे पानी वही केली. रोज रात्री झोपताना तारीख, पेपरचं नाव आणि खरे झालेले तास. लेक्चर बघितलं तर त्याचा अर्धाच तास धरायचा, सोडवलं किंवा लिहिलं तर पूर्ण. पहिल्या आठवड्यात मला वाटत होतं रोज पाच तास होतात, वहीत आले दोन तास चाळीस मिनिटं. ते बघून पोटात गोळा आला होता, पण त्यानंतरच खरा हिशेब लागला. शेवटी माझे ॲडव्हान्स्ड अकाउंटिंगला १९०, लॉ ला १४०, टॅक्सला १८० (त्यात जीएसटी ६०), आणि उजळणी व मॉक टेस्ट मिळून १२० असे तास गेले. म्हणजे ग्रुप एकला ६३०. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील, तुम्ही जीएसटी रोज करता म्हणजे ११ तारखेची जीएसटीआर-१ आणि २० तारखेची ३बी ही दर महिन्याची रिटर्न तुमच्या अंगवळणी पडलेली, तिथं तुमचे नक्की वाचतील.

आता तुमचं बघा. चार तास म्हणताय, मी अडीच धरतो, राग मानू नका. सहा दिवसांचे १५ आणि रविवारचे ७, आठवड्याला २२. डिसेंबर अखेरपर्यंत २९ आठवडे, त्यातले गणपती, दिवाळी, घरचं लग्नकार्य, ताप-सर्दी यात तीन गेले, उरले २६. म्हणजे ५७२. एका ग्रुपलासुद्धा थोडे कमीच पडतात. डिसेंबरात तीन आठवडे सुट्टी मिळाली आणि वीस दिवस रोज नऊ तास झाले तर ६८० च्या पुढं जाल. म्हणून माझं मत एकच ग्रुप, आणि सुट्टीचं आत्ताच बोलून ठेवा.

विश्रामबागकर

वरचा हिशेब बरोबर आहे पण त्यात यार्ड राहिलं. मी पंचवीस वर्षं या भागात व्यापाऱ्यांच्या वह्या बघतोय. बाळ, नवी हळद यायला लागली की फेब्रुवारीपासून मे पर्यंत सौद्यांचा जोर असतो, तेव्हा रात्रीचे नऊ वाजले तरी पट्ट्या संपत नाहीत हे तुला मी सांगायला नको. मग मे चा अटेम्प्ट धरलास तर जो दीड-दोन महिन्यांचा काळ उजळणीचा, नेमका तोच तुझा सगळ्यात दमणुकीचा. इतरांना मे चांगला, तुला नाही. तुझं वर्ष जून ते डिसेंबर आहे. ग्रुप एक जानेवारीला, सीझन गेल्यावर ग्रुप दोन सप्टेंबरला. आता परीक्षा वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर, त्यामुळं मधला अटेम्प्ट मुद्दाम सोडला तर वर्ष वाया जात नाही. आमच्या वेळी ही सोय नव्हती.

कॉस्टिंगवाली_सातारा

मला थोडं वेगळं वाटतं. दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचा एक मोठा फायदा कुणी सांगितला नाही. प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात, पण दोन्ही एकत्र दिले तर ६०० पैकी ३०० चालतात. माझं तसंच झालं, ग्रुप एकला १४३ होते, एकटा दिला असता तर गेला असता, ग्रुप दोनने ओढून नेलं कारण त्यातलं कॉस्टिंग आणि एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) मला मनापासून आवडायचं. तुझंही आकड्यात डोकं चालत असेल तर विचार कर. मी ऑक्टोबरपासून नोकरी सोडली होती, दोन्हीला मिळून ९०० तास पुरले. आणि समजा ग्रुप नाही निघाला पण एखाद्या पेपरला ६० आले तर त्याची एक्झम्प्शन, म्हणजे तो पेपर परत न देण्याची सूट, पुढच्या तीन अटेम्प्टला राहते, फक्त त्या ग्रुपचे सगळे पेपर दिलेले असायला लागतात, लॉ अवघड गेला म्हणून पुढच्या पेपरला घरी बसायचं नाही, हे लक्षात ठेव. बऱ्याच मुली तिथंच चुकतात.

आर्टिकल_मिरज

सेट-ऑफचं, म्हणजे दोन्ही ग्रुपचे मार्क एकत्र धरायचं, खरं आहे, मी लिहायला विसरलो. पण नोकरी सोडली तरी माधवनगरच्या ताईंचे सप्टेंबरपर्यंतचे ३५० आणि पुढच्या तीन महिन्यांत रोज आठ धरून साडेसहाशे, असे हजारच होतात. मला त्यात दोन ग्रुप बसले नसते. सातारकर ताई, तुम्हाला ९०० पुरले कारण तुमचा कॉस्टिंगचा पाया पक्का होता. माधवनगरच्या ताई, तुमचा आहे का? जुन्या आरटीपीतला (सरावाच्या रिव्हिजन टेस्ट पेपरमधला) कॉस्टिंगचा एक मोठा प्रश्न आज घड्याळ लावून सोडवा, लगेच समजेल.

माधवनगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस वही केली मग लिहायला आले. लेक्चरचे अर्धेच धरून आठवड्याचे १९ तास भरले, २२ पण नाही. रात्रीचा तास तर फक्त दोनदा झाला, पहाटेचे मात्र चुकले नाहीत. कॉस्टिंगचा प्रश्न सोडवला, प्रोसेस कॉस्टिंगचा होता, सव्वा तास लागला आणि ॲबनॉर्मल लॉस तरी चुकलाच. नोकरी सोडणं जमणार नाही, वडिलांची औषधं माझ्या पगारातून येतात. कॉस्टिंगवाली ताई, तुमचं म्हणणं पटलं पण माझ्याकडं तेवढे तास नाहीत.

ग्रुप एक, जानेवारी. रात्रीचा तास मी मोडीत काढला, त्याऐवजी रविवारी दोन तास वाढवते. काल शेठशी बोलले. ते म्हणाले ८ डिसेंबरपासून येऊ नको, पण ३१ डिसेंबरच्या आत जीएसटीचं वार्षिक रिटर्न जायला पाहिजे. म्हणजे त्या रिटर्नचं, जीएसटीआर-९ चं, सगळं जुळवणं मला नोव्हेंबरमध्येच संपवावं लागेल. दिवाळीनंतर लगेच खरेदीची बिलं आणि २बी (पार्ट्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) ताडून बघायला घेते, तेवढीच जीएसटीची उजळणी पण होईल.

विश्रामबागकर

२बी दिवाळीनंतर नको, गणपती झाले की दर शनिवारी एकेका महिन्याची बिलं ताडून ठेव. पार्टीनं बिल भरलं नसेल तर फोन करायला तेवढे दिवस हातात राहतात.