पाइपमधील डंप फसूनही एक्झिट स्टेटस शून्य का येतो?

प्रश्न: रात्रीच्या बॅकअपच्या बॅश स्क्रिप्टमध्ये (लिनक्सच्या कमांडची यादी असलेल्या फाइलमध्ये) मी डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची उतरवलेली प्रत) पाइपने, म्हणजे एका कमांडचे आउटपुट थेट दुसरीला देऊन, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे पाठवतो. काल पासवर्ड बदलल्यामुळे डंप फसला, तरी स्क्रिप्ट एक्झिट स्टेटस ० (म्हणजे ‘काम यशस्वी’; इतर कोणताही आकडा म्हणजे अपयश) देऊन संपली आणि मागे अवघ्या २० बाइटची फाइल उरली. आरंभी ‘सेट -ई’ (कमांड फसताच स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) असूनही असे का व्हावे?

उत्तर १: पाइपलाइनचा (पाइपने जोडलेल्या कमांडच्या साखळीचा) स्टेटस हा शेवटच्या कमांडचा असतो, आणि जीझिपने रिकामे इनपुटही बिनतक्रार दाबून आपले काम पूर्ण केले. ‘सेट -ओ पाइपफेल’ जोडा, म्हणजे उजवीकडून पहिल्या फसलेल्या कमांडचा स्टेटस मिळेल.

उत्तर २: तेवढ्याने अर्धवट फाइल जागेवरच राहील, म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहावे आणि स्टेटस शून्य आल्यावरच नाव बदलावे. कालचा चांगला बॅकअप त्यामुळेच वाचतो.

प्रश्नकर्ता: दोन्ही केले. मुद्दाम चुकीचा पासवर्ड देऊन पाहिले. आता स्टेटस २ येतो आणि जुनी फाइल शाबूत राहते.