हॅकेथॉनचं परीक्षण: गुण समपातळीवर आणायचे कसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात ३६ तासांचं हॅकेथॉन (ठरलेल्या वेळात सॉफ्टवेअर प्रोजेक्ट बनवायची स्पर्धा) आहे. ४० टीम, ६ परीक्षक. एका टीमला दोनच परीक्षक पाहू शकतील, आणि तिथेच घोडं अडलंय. एक सर दहापैकी सहाच्या वर जात नाहीत, एक मॅडम आठच्या खाली येत नाहीत. मग वाट्याला कोण आलं यावरच निकाल ठरणार!

प्रत्येक परीक्षकाची सरासरी धरून गुण समपातळीवर आणता येतात. पण तेरा-चौदा टीमवरून काढलेली सरासरी कितपत भरवशाची? एखाद्याकडे खरोखरच सगळ्या दमदार टीम गेल्या, तर त्या टीमवर उलट अन्याय. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या एमआयटीच्या हॅकेथॉनसाठी (हॅकएमआयटी) बनवलेल्या ‘गॅव्हल’ या परीक्षणाच्या सॉफ्टवेअरचा: गुण द्यायचेच नाहीत, आत्ता पाहिलेला प्रोजेक्ट आधीच्यापेक्षा सरस की नाही एवढंच सांगायचं. मला हा जास्त पटतो, पण हरलेल्या टीमने ‘आम्ही कुठे कमी पडलो?’ विचारलं तर दाखवणार काय?

कोणी हे प्रत्यक्ष वापरलंय का? आणि परीक्षकनिहाय गुणपत्रक सगळ्यांसमोर लावता, की ज्याचं त्याला देता? आपल्याच विभागाच्या टीमला कोणी गुण द्यायचे नाहीत, हे मात्र नियमात घातलंय. (त्यावरूनही दोघं रुसलेत, असो.)