मदत हवी आहे: नवीन असेंबल केलेला पीसी मध्येच हँग होतो, प्रोसेसर ९५ अंशांवर

कोरा_पडदा:

नवा पीसी असेंबल केला आहे. पार्ट असे: रायझन ५ ७६००एक्स, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ ६००० रॅम स्टिक, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (बोर्डाच्या सर्वांत वरच्या एम.२ स्लॉटमध्ये, बोर्डासोबत आलेल्या हीटसिंकखाली), एका पंख्याचा १२० मिमी टॉवर कूलर, दोन ८-पिन जोडणी लागणारं ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा पॉवर सप्लाय. कॅबिनेटला पुढे दोन पंखे, मागे एक.

त्रास दोन आहेत. गेम सुरू केला की काही मिनिटांत प्रोसेसर ९५ अंशांवर जातो आणि तिथेच राहतो, पंखे बोंबलायला लागतात. नुसतं ब्राउझर उघडं असेल तर ५० ते ५५. दुसरा त्रास हँग होण्याचा, आणि त्याची वेळ ठरलेली नाही. बऱ्याचदा हलकं काम चालू असतानाच होतो. आधी क्लिक केलेली विंडो पांढरी पडते, माउस काही सेकंद फिरतो, चालू गाणं थोडं पुढे जातं, मग सगळं ठप्प. पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नसतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दिसतात तिथे) फक्त कर्नल-पॉवर ४१ दिसतं. विंडोज नव्याने टाकून पाहिलं, फरक नाही. रॅम एक्स्पो प्रोफाइलवर, म्हणजे डब्यावरच्या ६००० वेगाच्या तयार सेटिंगवर आहे.

थर्मल पेस्ट कमी पडली असेल का? की कूलरच बदलू?

बिटबाइट:

कूलरची खरेदी तूर्तास थांबवा. गरम होणं आणि हँग होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत असं धरून चला, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याला देत बसाल.

७६००एक्सची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक आणि व्होल्टेज उतरवून तापमान तिथेच धरून ठेवतो. त्याने वेग कमी होतो, पीसी अडकत नाही. तापमान त्याच्याही हाताबाहेर गेलं तर मशीन फटकन बंद पडतं. तुमचं मशीन ५०-५५ वर असताना अडकतंय, म्हणजे त्या वेळी उष्णतेचा संबंध नाही.

कर्नल-पॉवर ४१ वरून काहीही निष्कर्ष काढू नका. विंडोज नीट शट डाउन झालं नव्हतं एवढीच ती नोंद, आणि बटण तुम्हीच दाबलं होतं. शोधायचं ते त्याच्या आधीचं. सिस्टम लॉगमध्ये ‘व्हिया-लॉगर’ (हार्डवेअरची चूक) आहे का, ‘डिस्प्ले ४१०१’ (ग्राफिक्स ड्रायव्हर अडकल्याची नोंद) आहे का, ‘स्टोरएनव्हीएमई’च्या नावाने १२९ क्रमांकाची नोंद (एसएसडी रीसेट झाल्याची) आहे का, ते बघून सांगा.

पॉवर सप्लायवर माझा संशय कमी आहे. तो कमी पडला की सहसा मशीन रीस्टार्ट होतं किंवा बंद पडतं, असं हळूहळू गोठत नाही. तरी ग्राफिक्स कार्डाला दोन स्वतंत्र केबल दिल्यात ना, एकाच केबलच्या दोन शेपट्या नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

रामबाण_रॅम:

माझं मत रॅमकडे. ६००० हा वेग रॅमच्या डब्यावर लिहिलेला असला तरी या प्रोसेसरचा अधिकृत वेग ५२०० आहे. एक्स्पो लावणं म्हणजे ओव्हरक्लॉकच, अधिकृत वेगापेक्षा जास्त पळवणं. बहुतेक बोर्डांवर ६००० आरामात चालतं, पण बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असेल तर हमी नाही.

आधी बायोस अपडेट करा. मग एक्स्पो बंद करून रॅम मूळ वेगावर, म्हणजे बहुधा ४८०० वर चालवा. ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ सापडलं तर तेही तपासणीपुरतं बंद ठेवा. त्याने बूट लवकर होतं, पण आधीचंच ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेतलेली सेटिंग) पुन्हा वापरलं जातं आणि काही बोर्डांवर त्यातूनच अस्थिरता येते. सेटिंग बदलल्यावर पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. तेव्हा मेमरी ट्रेनिंग चालू असतं, घाबरून पॉवर काढू नका.

स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून चारही पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. ३२ जीबीला काही तास जातील, रात्री लावून ठेवा. एकसुद्धा एरर आली तर रॅम नापास. आली, तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून पुन्हा चालवा, म्हणजे स्टिक वाईट की स्लॉट ते कळेल.

कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारी बायोसची सेटिंग) उणे केला असेल तर तो शून्यावर आणा. उणे आकडा जोराच्या टेस्टमध्ये टिकतो आणि हलक्या कामात दगा देतो, कारण एकाच कोअरचा क्लॉक सर्वांत वर जातो तो तेव्हाच.

पेचकस:

हँगचं वरचे दोघे बघताहेत, मी तापमानाचं बोलतो.

नुसते अंश सांगून उपयोग नाही, सोबत वॅट सांगा. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान-वॅट दाखवणारं सॉफ्टवेअर फक्त सेन्सर दाखवण्याच्या मोडमध्ये उघडा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ बघा. या प्रोसेसरची वरची मर्यादा १४२ वॅट. सगळे कोअर राबवणाऱ्या टेस्टमध्ये १०० च्या पुढे जाऊन ९५ अंश लागले तर लहान टॉवर कूलरवर ते नवल नाही. पण गेममध्ये ६०-७० वॅटला ९५ येत असतील तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. तापमान एका सेकंदात उडी मारतं का, हे बघत बसू नका. या पिढीत झाकणाचा पत्रा जाड आणि खालची चिप लहान, त्यामुळे कूलर उत्तम बसला असला तरी उडी दिसते.

दुसरी परीक्षा फुकटची. कॅबिनेटची बाजू काढून तोच गेम १५ मिनिटं चालवा. तापमान ८-१० अंश उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा कोंडते आहे, मग पंख्यांच्या दिशा तपासा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारी चौकटीची काडी दिसते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. एक-दोन अंशांचाच फरक पडला तर कूलर काढून त्याचा तळ बघावा लागेल.

कोरा_पडदा:

सर्वांचे आभार. सांगितलेलं करून पाहिलं.

गेममध्ये ६८ वॅटला ९५ अंश. बाजू काढल्यावर ९३.

बायोस नवीन केलं, एक्स्पो बंद, मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर बंद, कर्व्ह ऑप्टिमायझरला हात लावलेलाच नव्हता. स्टिक दुसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्येच आहेत. मेमटेस्टचे चारही पास एकही एरर न येता पूर्ण झाले. ग्राफिक्स कार्डाच्या केबल स्वतंत्र आहेत. तरी हँग होतोच. व्हिया नाही, ४१०१ नाही, १२९ पण नाही. हँग झाल्याच्या वेळेआधी लॉग कोराच आहे. एचडब्ल्यूइन्फोची लॉग फाइलसुद्धा अर्धवट तुटलेली मिळते.

एक नवीन गोष्ट दिसली. या वेळी पॉवर बटणाऐवजी रीसेट बटण दाबलं, तर पीसी थेट बायोसमध्ये गेला आणि बूटच्या यादीत एसएसडी नव्हतीच. पूर्ण बंद करून, पॉवर सप्लायचं मागचं बटण काढून पुन्हा लावल्यावर ती परत आली.

बिटबाइट:

सापडलं. एसएसडी चालता चालता गायब होते आहे.

तुमच्या पहिल्या वर्णनातच खूण होती, माझ्या लक्षात यायला हवी होती. विंडो पांढरी पडते, पण माउस फिरतो आणि गाणं पुढे जातं. जे आधीच रॅममध्ये आहे ते चालतं, ज्याला डिस्कवरून काही वाचायचं आहे ते अडकतं, आणि थोड्या वेळात विंडोजलाच काहीतरी वाचायची वेळ येते. लॉग कोरा असण्याचं कारणही तेच. नोंद लिहायची ती ज्या डिस्कवर, तीच जागेवर नाही. १२९ ची नोंद मिळते ती ड्राइव्ह रीसेट होऊन परत आली तरच. एचडब्ल्यूइन्फोचा लॉग यापुढे पेन ड्राइव्हवर घ्या, म्हणजे शेवटची ओळ तरी हाती लागेल. त्या ओळीत ड्राइव्हचं तापमान बघा. एसएसडी सहसा ८० अंशांच्या आसपास वेग कमी करते, पण ४५-५० वर असताना गायब होत असेल तर कारण तापमान नाही.

काही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे काढून घ्या. मग पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखालचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ ऑफ करा. हलक्या कामात अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. वीज वाचवायला बोर्ड आणि ड्राइव्हमधली लिंक झोपते आणि काही ड्राइव्ह नीट जाग्या होत नाहीत. ड्राइव्हच्या कंपनीच्या युटिलिटीने फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) तपासा. त्यानेही भागलं नाही तर बायोसमध्ये त्या एम.२ स्लॉटचा वेग जेन ४ वरून जेन ३ वर, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या आधीच्या, हळू पिढीवर आणा. हा इलाज नव्हे, निदान आहे. जेन ३ वर टिकली तर सिग्नल खराब येतोय, म्हणजे संपर्काचा किंवा स्लॉटचा दोष.

पेचकस:

बायोसमध्ये शिरण्याआधी ती एसएसडी नीट बसली आहे का ते बघा, नाहीतरी कूलरसाठी कॅबिनेट उघडणारच आहात.

पॉवर केबल काढा, बटण एकदा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या, एम.२ चं हीटसिंक उचला. थर्मल पॅडवरची प्लास्टिकची पट्टी काढलेली असायला हवी. एसएसडीवरचं लेबल मात्र सोलू नका, वॉरंटी जाते. मग ड्राइव्हच्या लांब कडेला डोळा लावून आडवं बघा. काही बोर्डांवर स्लॉटच्या मधोमध रबराचा छोटा ठोकळा चिकटवलेला असतो, तो एका बाजूलाच चिप असलेल्या ड्राइव्हला टेकू म्हणून. तुमच्या ड्राइव्हच्या खालच्या बाजूलाही चिप असतील तर ठोकळा काढायचा असतो. नाही काढला तर वरून हीटसिंक दाबतं, खालून रबर ढकलतं, पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि सोनेरी दात स्लॉटमध्ये तिरके बसतात.

आता कूलर. ६८ वॅटला ९३ म्हणजे तळ टेकलेला नाही. काढण्याआधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून स्क्रू सोडवा आणि थोडा डावा-उजवा फिरवून उचला, सरळ ओढू नका. तळ आणि प्रोसेसर दोन्हीवरचा पेस्टचा ठसा पुसण्याआधी फोटो काढा. ठसा सगळीकडे पातळ हवा. एका कडेला पातळ आणि समोरच्या कडेला जाड थर असेल तर तिकडचा स्क्रू अर्धवट गेलाय. स्प्रिंगचे स्क्रू फसवतात. स्प्रिंग दबायला लागली की हाताला घट्ट लागतं, पण स्क्रू आणखी बरेच फेरे जायचा बाकी असतो.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू स्वच्छ करा, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट द्या. थोडी जास्त झाली तर बिघडत नाही. पेस्ट वीजवाहक नसेल तर झाकणाच्या खाचांत उतरलेलीही चालते, फक्त लिक्विड मेटल नको. एक स्क्रू दोन फेरे, मग दुसरा दोन फेरे, असं आलटून पालटून, स्क्रू स्वतः थांबेपर्यंत. मागची बॅकप्लेट एएम५ मध्ये (या प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये) सॉकेटलाच धरलेली असते, ती सोडवायला जाऊ नका.

कोरा_पडदा:

ठसा सांगितला तसाच निघाला, रॅमकडच्या बाजूला जाड थर. तो स्क्रू आणखी तीन-साडेतीन फेरे गेला. आता त्याच गेममध्ये ७४ ते ७८ अंश.

एसएसडीखाली रबराचा ठोकळा होता आणि ड्राइव्हला दोन्ही बाजूंना चिप आहेत. हीटसिंक काढल्यावरही पट्टी मधे उचललेली दिसत होती. ठोकळा काढला, आता सपाट बसली आहे. लिंक स्टेट ऑफ केलं. जेन ४ वरच ठेवलंय.

एक्स्पो परत लावू का? आणि आवाज कमी करायला काही?

बिटबाइट:

एक्स्पो लगेच नको. दोन बदल एकदम केले आणि पुन्हा अडकला तर कुणामुळे ते कळणार नाही. आधी काही दिवस असाच वापरा. टिकला तर लिंक स्टेट पूर्ववत करा, म्हणजे गुण ठोकळ्याचा की सेटिंगचा ते कळेल. एक्स्पो त्यानंतर. पुन्हा गायब झाली तर एसएसडी दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये हलवा. तिथेही गायब झाली तर ड्राइव्ह वॉरंटीत द्या, तिथे टिकली तर दोष बोर्डाच्या स्लॉटचा.

रामबाण_रॅम:

एक्स्पो लावल्यावर मेमटेस्ट पुन्हा चालवा, मूळ वेगावरचा निकाल ६००० ला लागू पडत नाही. आणि त्यात पास झाली तरी विंडोजमध्ये ओसीसीटी या ताण देऊन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची मेमरी टेस्ट तासभर लावा. तिथे प्रोसेसरही गरम असतो, रॅमही.

पेचकस:

आवाजासाठी बायोसमध्ये इको मोड ६५ वॅट निवडा. मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते, गेममध्ये फरक जवळपास जाणवत नाही. व्हिडिओ रेंडरसारख्या कामाला मात्र थोडा जास्त वेळ लागेल. फॅन कर्व्हमध्ये (कोणत्या तापमानाला पंखा किती फिरायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘स्टेप अप’ किंवा तशा नावाचा विलंब तीन-चार सेकंद ठेवा, म्हणजे दर उडीला पंखा किंचाळणार नाही.

आणि काढलेला तो ठोकळा बोर्डाच्या डब्यात टाकून ठेवा. पुढे एकाच बाजूला चिप असलेली एसएसडी घेतलीत तर तो परत लावावा लागेल.