विषय: मंडळाचा लॅपटॉप ४८ आकडी की मागतोय, शनिवारी न्यायला येतायत

मंडळी, मंडळाचा जुना लॅपटॉप आणि लायब्ररीचा डेस्कटॉप विकायचे आहेत, म्हणून काल लॅपटॉपवरचं सगळं पुसायला घेतलं, पेनड्राइव्हवरून सुरू व्हावा म्हणून बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बदल केला तर आता निळा स्क्रीन येतो आणि बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की मागतो. नेहमीचा पासवर्ड घेत नाही. की कोणाकडे आहे? त्यात सभासदांचे पत्ते, शाळेतल्या मुलांच्या जन्मतारखा, वर्गणीच्या चेकचे फोटो आहेत, ते असंच कुणाच्या हातात देणार नाही. लायब्ररीचा डेस्कटॉप मात्र तयार आहे, फॉरमॅट मारून ठेवलाय, विंडोज टाकायचं बाकी.
– सचिव

की माझ्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सापडली. डॅलसला आल्यापासून मी तिकडे बघितलंच नव्हतं. इथे लिहिणार नाही, संध्याकाळी फोनवर सांगते. पण आधी हिशोबाचं फोल्डर उतरवून घ्या, त्याची दुसरी कॉपी नाही, हे मी वार्षिक सभेतही बोलले होते.
– माजी खजिनदार

डेस्कटॉप फॉरमॅट केला??? कोणाला विचारून? तो लायब्ररीच्या देणगीतून घेतलाय आणि पुस्तकांची यादी त्यातच आहे. दोन हिवाळे बसून टाइप केलीये आम्ही, त्या कीबोर्डवरचं ळ चं स्टिकर माझ्या बोटाने झिजलंय.
– लायब्ररी समिती

वहिनी, घाबरू नका. सचिव, डेस्कटॉप बंद करा आणि त्यावर विंडोज अजिबात टाकू नका. झटपट फॉरमॅटमध्ये फक्त नोंदवही फाटते, पुस्तकं कपाटात तशीच राहतात. जुनी फिरती डिस्क आहे म्हणून जमेल, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) असती तर फॉरमॅटबरोबरच ट्रिम होऊन, म्हणजे जुन्या जागा रिकाम्या करायला सांगितल्या जाऊन, बहुतेक सगळं गेलं असतं. मी आज घेऊन जातो.
– एडिसनचे काका

मी तर डिस्कला ड्रिलने तीन भोकं पाडतो, विषयच संपला. नाहीतर ३५ वेळा पुसावी लागते म्हणतात.
– सांस्कृतिक समिती

भोकं पाडून डबा विकणार कोणाला? आपल्याला चालू मशीन द्यायचंय. आणि ते ३५ वेळा पुसणं १९९६ च्या एका पेपरातलं, तेव्हाच्या वेगवेगळ्या डिस्कसाठी होतं. आजच्या डिस्कवर एकदा नीट शून्य फिरवली की पुरतं.
– माजी खजिनदार

यादी मिळाली! वहिनींना पाठवली. पण त्याच डिस्कवरून गेल्या ट्रिपच्या वेळी स्कॅन केलेले आठ जणांचे पासपोर्टपण निघाले, फोटो, सही, सगळं स्वच्छ दिसतंय. माझा हातच थांबला. हे मशीन ‘तयार’ म्हणून शनिवारी जाणार होतं. ज्या फुकट सॉफ्टवेअरने मी यादी काढली ते घेणाऱ्यालाही मिळतं. तेव्हा आता हे मीच करणार: विंडोजच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडायची, मग त्यात डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, बरोबर डिस्क निवडून क्लीन ऑल. नुसतं क्लीन नाही, त्याने फक्त पार्टिशन (डिस्कची वाटणी) जातात, माहिती राहते. क्लीन ऑल मात्र सगळीकडे शून्य लिहितं. एक टेराबाइटला तीन-चार तास लागतील, पेनड्राइव्हलाच डिस्क समजून पुसू नका म्हणून साइज बघूनच निवडायची. लॅपटॉपला हे करू नका, एसएसडीत राखीव ब्लॉक असतात, तिथवर शून्य पोचतीलच असं नाही. पण तिथे आधीपासून सगळं बिटलॉकरमध्ये आहे. हिशोब काढा, रीसेटमध्ये सगळं काढून टाका आणि ड्राइव्ह साफ करा असं दोन्ही निवडा. जुन्या किल्लीशिवाय उरलंसुरलं कुणाला वाचता येणार नाही.
– एडिसनचे काका

म्हणजे की माझ्या अकाउंटमधूनही काढू ना? आणि डिव्हाइस?
– माजी खजिनदार

दोन्ही काढा, पण सचिवांनी हिशोब उघडून बघितल्यावरच.
– एडिसनचे काका

यादी मिळाली, १,१४० पुस्तकं, एकही ओळ गेलेली नाही. काका, कोणत्या शब्दात आभार मानू. पण डेस्कटॉपचे पैसे लायब्ररीच्या खात्यात जमा व्हावेत.
– लायब्ररी समिती

होतील वहिनी, आणि न विचारता फॉरमॅट केला त्याबद्दल मनापासून माफी. हिशोब उघडला, दोन पेनड्राइव्हवर ठेवला, एक खजिनदारांकडे दिला. लॅपटॉप रीसेट झाला, विंडोज ११ आहे, देश निवडायच्या स्क्रीनवर बंद केलाय, पुढचं अकाउंट त्यांचं ते घालतील. चार्जर सापडत नाहीये, बालनाट्याच्या पेटीत आहे का कोणी बघेल का, शुक्रवारपर्यंत?
– सचिव